टाउनशिपमधल्या स्पाझा दुकानांसाठी सामाजिक फ्रँचायझी: हिशेबापासून करारापर्यंत

दक्षिण आफ्रिकेतल्या टाउनशिपमध्ये, म्हणजे वर्णभेदाच्या काळात शहरांच्या कडेला कृष्णवर्णीयांसाठी वसवलेल्या वस्त्यांमध्ये, छोट्या दुकानदारांना मदत करायची म्हटली, की पहिला प्रस्ताव बहुतेक वेळा प्रशिक्षणाचा येतो. हिशेब कसा ठेवावा, माल कसा मांडावा, गिऱ्हाइकाशी कसं बोलावं. जिने वर्षानुवर्षं घराच्या खिडकीतून दुकान चालवून मुलं शिकवली, तिला हे शिकवायला जाणं मला अन्यायाचं वाटतं. कोणाला उधार द्यायचं आणि कोणाला नाही, महिनाअखेरीला साखर किती छोट्या पुडीत बांधायची, हे तिला आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं कळतं. तिचं अडतं ते दुसरीकडे. माल महाग पडतो, आणायला गाडीभाडं जातं, फ्रीज बिघडला तर दूध आणि पॉलनीचं (स्वस्त सॉसेजचं) नुकसान तिच्या अंगावर येतं आणि परवान्याचे कागद कधीच पुरे होत नाहीत. ही ओझी एकेकटीला पेलत नाहीत, शंभर जणींना मिळून पेलतात. सामाजिक फ्रँचायझी हवी ती एवढ्यासाठी.

फ्रँचायझी आपल्याला नवी नाही. जंबोकिंग किंवा गोली वडापाव घेतला, की नाव, कृती, कच्चा माल आणि दुकानाची मांडणी कंपनीची, चालवणारा मात्र स्थानिक. सामाजिक फ्रँचायझीत सांगाडा हाच असतो. फरक असा, की मध्यवर्ती संस्थेचं यश रॉयल्टीत मोजलं जात नाही. दुकानदाराच्या हातात महिन्याला किती जास्त पैसे उरले आणि वस्तीला काय नीट मिळू लागलं, यावर ते ठरतं.

हा लेख स्पाझा दुकानं डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. स्पाझा म्हणजे राहत्या घरातलं किंवा अंगणातल्या पत्र्याच्या खोलीतलं किराणा दुकान. ही दुकानं इतकी छोटी राहिली त्यामागे इतिहास आहे. वर्णभेदाच्या राजवटीत, विशेषतः १९६३ च्या निर्बंधांनंतर, टाउनशिपमधल्या कृष्णवर्णीय व्यापाऱ्याला एकाहून जास्त धंदे करायला, कंपनी किंवा भागीदारी काढायला मनाई होती. विकायच्या त्या फक्त रोजच्या गरजेच्या वस्तू. मोठं होण्याचे रस्ते कायद्याने बंद केले होते. म्हणून या कामाला मी उपकार समजत नाही. फार उशिरा होणारी ती दुरुस्ती आहे.

आधी कोणी काय केलं ते पाहा

सगळ्यात जुना आणि शिकण्यासारखा प्रयोग व्होडाकॉम या मोबाइल कंपनीच्या फोन दुकानांचा. मोबाइल सेवेचा परवाना देताना सरकारने अट घातली होती, की दुर्लक्षित भागांत सामुदायिक फोन द्यावे लागतील. व्होडाकॉमच्या वाट्याला पाच वर्षांत २२,००० फोन आले. १९९४ पासून कंपनीने जुन्या मालवाहू कंटेनरमध्ये फोन बसवून ते स्थानिक माणसांना चालवायला दिले. दर सरकारने बांधून दिलेला, नेहमीच्या मोबाइल दरापेक्षा खूप कमी. मिळकतीतला साधारण एक तृतीयांश वाटा दुकान चालवणाऱ्याचा. हजारो ठिकाणी ही दुकानं चालली. पुढे प्रीपेड मोबाइल हातोहाती पोचला आणि ज्या एका सेवेवर दुकान उभं होतं तीच आटली. ज्यांनी त्याच कंटेनरमध्ये इतर माल ठेवायला सुरुवात केली होती, त्यांना टिकायला वाव होता. एकाच वस्तूवर किंवा सेवेवर फ्रँचायझी उभारू नये, हा पहिला धडा.

दुसरं उदाहरण उंजानी क्लिनिकचं. कंटेनरमधलाच दवाखाना, चालवणारी अनुभवी परिचारिका. सुरुवातीचं भांडवल संस्था उभं करते आणि करारातल्या अटी पाळल्या तर पाच वर्षांनी दवाखाना परिचारिकेच्या मालकीचा होतो. मालकी कधी आणि कशी हातात येणार हे पहिल्याच दिवशी कागदावर असणं मला फार मोलाचं वाटतं.

तिसरं उदाहरण थेट किराण्याचं. २०१६ मध्ये पिक अँड पे या सुपरमार्केट साखळीने गाउटेंग प्रांताच्या सरकारबरोबर जोहान्सबर्गच्या सोवेटो टाउनशिपमधल्या डीपक्लूफमध्ये एक जुनं दुकान नव्याने उभं करून दिलं. पुरवठा आणि संगणक प्रणाली साखळीची, दुकान आणि मालकी स्थानिक माणसाची. अशा रचनेत माल, दर आणि व्यवस्था पहिल्या दिवसापासून तयार मिळतात. पण दुकानदार एकाच मोठ्या पुरवठादारावर अवलंबून राहतो. माझा कल दुकानदारांच्या स्वतःच्या खरेदी संस्थेकडे आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

पहिली पायरी: एक पूर्ण महिना मोजा

वस्ती निवडल्यावर लगेच बैठक बोलावू नका. दहा-बारा दुकानं निवडा, दुकानदारांची परवानगी घ्या आणि महिनाभर त्यांच्याबरोबर वही ठेवा. महिना पूर्णच हवा. लोकांना मिळणारी सरकारी अनुदानं महिन्याच्या सुरुवातीला जमा होतात आणि त्या आठवड्याचा खप शेवटच्या आठवड्याशी जुळत नाही. वहीत हे यायला हवं: कुठला माल कुठून आणि किती दराने आणला, आणायला भाडं किती गेलं, काय खराब झालं, उधारी किती आणि त्यातली परत किती आली, घरात किती माल वापरला गेला. शेवटची नोंद बहुतेक जण विसरतात. घरच्या डब्यात गेलेला मक्याच्या पिठाचा किलो हा तोटा नाही, पण तो न धरता नफा काढला तर आकडा खोटा निघतो.

पाव आणि शीतपेयं अनेक ठिकाणी कंपन्यांच्या गाड्या दारात पोचवतात. तिथे आपण फारसं काही स्वस्त करू शकणार नाही. बचत निघते ती ठोक बाजारातून टॅक्सीने किंवा भाड्याच्या बक्कीने (छोट्या पिकअप गाडीने) आणलेल्या मालात: मक्याचं पीठ, तेल, साखर, तांदूळ, साबण, डायपर. मोजणी झाल्यावर या दोन गोष्टी वेगळ्या काढा, नाहीतर पुढचा सगळा हिशेब फुगेल.

याच महिन्यात दुकानदार आज एकमेकांशी कशाने जोडले आहेत, तेही शोधा. तिथली भिशी म्हणजे स्टॉकफेल. काही स्टॉकफेल वर्षभर पैसे जमवून डिसेंबरमध्ये किराणा एकदम घेतात. एकत्र खरेदी ही टाउनशिपला नवी कल्पना नाही. आपण फक्त ती डिसेंबरपुरती न ठेवता आठवड्यावर आणतो आहोत. विश्वासू खजिनदार कोण, हे वस्तीला आधीच ठाऊक असतं, आणि फ्रँचायझीच्या पहिल्या समितीत त्याच बायका हव्यात.

दुसरी पायरी: एका दुकानाचा हिशेब जुळवा

एका दुकानात गणित बसलं नाही तर शंभर दुकानांतही बसणार नाही. पद्धत समजावी म्हणून सोपे आकडे घेऊ. तुमचे आकडे तुमच्या वहीतूनच यायला हवेत.

समजा दुकानाची महिन्याची विक्री ४०,००० रँड आहे आणि माल ३४,००० ला पडतो. हातात ६,००० राहिले. गाडीभाडं १,०००, वीज ८००, खराब माल ४०० वजा केले की ३,८०० उरतात. ३४,००० च्या खरेदीत पाव आणि शीतपेयं १४,००० ची, म्हणजे एकत्र खरेदीत येऊ शकणारा माल २०,००० चा. त्यावर ७ टक्के दर कमी मिळाला तर १,४०० वाचतात. माल दारात पोचवायला संस्थेने ४०० घेतले तर भाड्यातले ६०० वाचतात. एकूण फायदा २,००० रँड.

आता संस्थेने यातलं किती घ्यायचं? माझा ठाम आग्रह आहे, की वाढलेल्या कमाईच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घेऊ नये, आणि विक्रीवर टक्केवारी तर मुळीच लावू नये. विक्रीवर टक्केवारी लावली की दुकानदार विक्री लपवते, आणि मग जो आकडा आपल्याला सगळ्यात जास्त हवा असतो तोच मिळेनासा होतो. वरच्या उदाहरणात ६५० रँड ठरावीक शुल्क धरू. दुकानदाराच्या हातात ५,१५० राहतात, पूर्वी ३,८०० राहायचे. हा फरक पहिल्या दोन महिन्यांतच दिसायला हवा, कारण आश्वासनं देणारे तिच्या दारात आधी बरेच येऊन गेलेले असतात.

आता संस्थेची बाजू. दोन क्षेत्र कार्यकर्ते २४,०००, गोदामाचं भाडं १५,०००, गाडी आणि डिझेल २०,०००, व्यवस्थापक आणि हिशेबनीस मिळून ३०,०००. एकूण ८९,०००. एका दुकानाकडून शुल्काचे ६५० आणि माल पोचवण्याचे ४०० मिळून १,०५० येतात. त्याने भागलं तर ८५ च्या आसपास दुकानं झाल्याशिवाय संस्था स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. तोवरचा खर्च देणगीतून किंवा एखाद्या कंपनीच्या विकास निधीतून यावा लागेल, आणि तो किती महिने लागेल हे देणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगा. वीस दुकानांचा सुंदर पथदर्शी प्रकल्प करून निधी संपला की निघून जाणं, यापेक्षा सुरू न केलेलं बरं.

तिसरी पायरी: काय एकसारखं, काय दुकानदाराचं

नव्या संस्था इथे फार घोळ घालतात. रंग, फलक, गणवेश, उघडण्याच्या वेळा, सगळं एकसारखं करायला जातात. स्पाझाची ताकद एकसारखेपणात नाही. पहाटे उघडणं, रात्री खिडकीवर टकटक केली तरी मेणबत्ती मिळणं, अर्धा पाव देणं, ओळखीवर उधार देणं, याला सुपरमार्केटकडे उत्तर नाही. ते अजिबात हलवू नका.

एकसारखं करायचं ते मोजकं: खाण्याच्या मालाची साठवण, मुदत संपलेला माल परत घेण्याची पद्धत, ठरलेल्या पंधरा-वीस वस्तूंचा दर, खरेदीची नोंद आणि फ्रीजची देखभाल. दुकानाचं नाव तेच राहू द्या. त्याखाली संस्थेची लहानशी पाटी पुरते.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये सोवेटोतल्या नालेडीत सहा मुलं विषबाधेने गेली. तपासात टर्बुफोस हे शेतीतलं कीटकनाशक निघालं. उंदरांच्या सुळसुळाटाने हैराण झालेल्या वस्त्यांमध्ये ते बेकायदा सुट्या पुड्यांत विकलं जातं. म्हणून आपल्या दुकानांत उंदीर-झुरळांची औषधं खाण्याच्या मालाच्या आसपास नकोतच, आणि विकायची तर फक्त नोंदणीकृत आणि बंद पाकिटातली. याचबरोबर सापळे, बंद डबे आणि फळ्या जमिनीपासून उंच करण्याचा खर्च संस्थेने उचलावा. नुसती बंदी घालून उंदीर जात नाहीत.

चौथी पायरी: कागद

नालेडीनंतर १५ नोव्हेंबर २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी सगळ्या स्पाझा दुकानांना २१ दिवसांत नोंदणी करायला सांगितलं. मुदत पुढे २८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत वाढवली. नगरपालिकांच्या दारात रांगा लागल्या. इमारतीचा वापर, अग्निसुरक्षा, आरोग्य तपासणी अशा कागदांनी अनेक जण अडले, कारण घर राहण्यासाठी म्हणून नोंदलेलं, कधी मालकीपत्र आजोबांच्या नावावर तर कधी मालकीपत्रच नाही. खाद्यपदार्थ विकायचे तर २०१८ च्या आर ६३८ नियमांप्रमाणे जागेचं प्रमाणपत्रही लागतं.

संस्थेने इथे एक माणूस पूर्ण वेळ द्यावा. सगळ्या दुकानांच्या फायली एकत्र तयार करून नगरपालिकेकडे गटाने जा. आरोग्य निरीक्षकाला वस्तीत बोलावून एकाच दिवशी दहा दुकानं दाखवा. स्पाझा दुकानांसाठी सरकारने ५० कोटी रँडचा मदत निधी जाहीर केला आहे, त्यातही नोंदणी झालेल्या दुकानांनाच वाव आहे. माझ्या मते फ्रँचायझीतली सगळ्यात मोलाची सेवा स्वस्त साखर नव्हे, पूर्ण झालेली फाईल आहे. ती नसेल तर एका छाप्यात वर्षाची कमाई जाते. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये जोहान्सबर्ग शहराने हजारो पथविक्रेत्यांना हटवलं तेव्हा त्यांच्यात परवाना असलेलेही होते. घटनात्मक न्यायालयाने डिसेंबरमध्ये त्यांना परत बसू दिलं, पण तोपर्यंत महिना उलटून गेला होता. संघटित असल्यामुळेच ते न्यायालयापर्यंत पोचले, हे विसरू नये.

पाचवी पायरी: करार

दक्षिण आफ्रिकेच्या २००८ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. करार लेखी हवा. सही करण्याच्या किमान १४ दिवस आधी माहितीपत्रक द्यावं लागतं, आणि सहीनंतर कामाच्या १० दिवसांत दुकानदार काहीही दंड न भरता करार मोडू शकते. आपण समाजसेवा करतो म्हणून हे लागू नाही, असं समजू नका. आपलीच दुकानदार अशा कागदांना नवखी आहे, म्हणून इथे जास्त काटेकोर राहायचं.

करार झुलू, खोसा, सेसोथो, जी भाषा घरात चालते तिच्यात लिहा. चार पानांच्या वर नको. त्यात हे असलंच पाहिजे: शुल्क किती आणि कोणाच्या संमतीने वाढेल, पुरवठादार कंपन्यांकडून संस्थेला मिळणारी सूट कोणाची, बाहेरून माल घ्यायची मुभा कुठवर, चूक झाली तर आधी इशारा की थेट हकालपट्टी, आणि फ्रीज-फळ्या कधी दुकानदाराच्या मालकीच्या होणार. पुरवठादाराकडून मिळणाऱ्या सवलतीचं कलम सगळ्यात आधी वाचा. व्यावसायिक फ्रँचायझीत बराच पैसा तिथेच लपलेला असतो. आपल्या रचनेत ती सूट वहीत उघड दिसली पाहिजे.

मालकीसाठी मला योग्य वाटणारी रचना अशी: सुरुवात ना-नफा संस्थेने करावी, पण खरेदीचं काम करणारा भाग २००५ च्या सहकारी संस्था कायद्याखाली दुकानदारांच्या सहकारी संस्थेकडे जावा आणि त्याची तारीख करारात असावी. सहकारातली भांडणं आणि राजकारण आपल्याकडच्या साखर कारखान्यांनी आपल्याला भरपूर दाखवलं आहे. तरीही दर ठरवताना दुकानदाराचं मत मोजलं जाणार नसेल, तर या रचनेला सामाजिक म्हणू नये.

सहावी पायरी: माल आणि उधारी

पहिल्या तीन महिन्यांत फक्त दहा-बारा वस्तू पुरवा. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी, ठरलेल्या वेळी गाडी. गाडी दोनदा चुकली तर दुकानदार पुन्हा ठोक बाजाराकडे वळते, आणि तिचं बरोबरच असतं.

रोख पैसे कमी फिरवा. लुटालूट हा टाउनशिपमधल्या दुकानदाराचा रोजचा धोका आहे आणि माल देऊन रोकड घेऊन परतणारी गाडी सगळ्यांच्या नजरेत असते. पैसे बँकेतून किंवा मोबाइलवरून घ्या. मोबाइल रिचार्ज आणि प्रीपेड विजेची छोटी यंत्रं, फ्लॅश किंवा काझांगसारखी, बऱ्याच दुकानांत आधीच आहेत. त्यावरचं कमिशन थोडं, पण वीज भरायला आलेलं गिऱ्हाईक पावही घेऊन जातं.

मालाची उधारी सहाव्या महिन्यानंतर सुरू करा, आणि तीही एका आठवड्याच्या मालापुरती. परतफेडीचा भरवसा मागच्या महिन्यांच्या नोंदीवरून ठरवा, घर तारण घेऊन नाही. रोख कर्ज द्यायचं मनात आलं तर २००५ चा राष्ट्रीय पतपुरवठा कायदा आणि नोंदणीचे नियम वकिलाकडून समजून घ्या. त्यापेक्षा मालातच उधारी ठेवावी.

सातवी पायरी: परदेशी दुकानदारांचा प्रश्न टाळू नका

अनेक टाउनशिपमध्ये स्पाझा सोमाली, इथिओपियन, बांगलादेशी माणसं चालवतात. केप टाउनच्या डेल्फ्टमध्ये सस्टेनेबल लाइव्हलीहुड्स फाउंडेशनने अभ्यास केला, तेव्हा सोमाली दुकानं एकत्र खरेदी आणि नात्यागोत्याच्या भांडवलावर स्वस्त विकतात असं दिसलं. स्थानिक दुकानदार मागे पडतो, राग वाढतो, आणि तो राग २००८ च्या मे महिन्यात परदेशी लोकांविरुद्ध झालेल्या दंगलींसारखा पेटतो. त्या दंगलींत ६२ माणसं मेली.

एक गोष्ट डोळे उघडून पाहायला हवी. आपण जी रचना उभारायला निघालो आहोत ती या दुकानदारांनी अनुदानाशिवाय, स्वतःच्या हिमतीवर आधीच उभारली आहे. त्यांच्याकडून शिकावं, त्यांच्याविरुद्ध जमाव उभा करणाऱ्यांना आपलं व्यासपीठ देऊ नये. निर्वासित आणि आश्रय मागणाऱ्यांना दुकान चालवायचा हक्क आहे, असं सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१४ मध्ये लिम्पोपो प्रांताच्या प्रकरणात स्पष्ट केलं. सरकारी निधीतले काही पैसे फक्त नागरिकांच्या दुकानांसाठी असतील तर ती अट पाळा. पण कागद पूर्ण असलेल्या कोणालाही खरेदी गटात घ्यायची सोय ठेवा. किमान गाडीच्या फेऱ्या आणि गोदाम दोघांनी मिळून वापरलं तरी दर उतरतो.

देखरेख, आणि निघायची वाट

कार्यकर्त्याने दुकानात महिन्यातून दोनदा जावं. तपासणीची यादी एका पानाची ठेवा: फ्रीजचं तापमान, मुदतीच्या तारखा, उंदरांच्या खुणा, वहीतली शेवटची नोंद, घेतलेला दर. दोष सापडला तर त्याच भेटीत दुरुस्त करायला मदत करा, लेखी नोंद करा, आणि तिसऱ्यांदा तोच दोष आला तरच पाटी काढा. खाद्यसुरक्षेचा गंभीर भंग मात्र याला अपवाद. त्या दिवशी तो माल उचललाच पाहिजे.

दुकानदारांच्या फोन क्रमांकांपासून विक्रीच्या आकड्यांपर्यंत जी माहिती जमेल, ती कोणत्याही कंपनीला त्यांच्या लेखी परवानगीशिवाय देऊ नका. मोठ्या उत्पादकांना टाउनशिपमधल्या विक्रीचे आकडे हवेच असतात. ते विकायचे असतील तर पैसा दुकानदारांच्या सामाईक खात्यात जावा.

आणि संस्था बंद पडली तर काय, याचं उत्तर पहिल्याच करारात लिहा. फ्रीज दुकानदाराकडे राहील, तिच्या परवान्याची फाईल तिच्या नावावर आणि तिच्या घरात असेल, पुरवठादारांचे संपर्क आणि ठरलेले दर समितीला मिळतील, गोदामाच्या भाड्यासाठी तीन महिन्यांची रक्कम वेगळ्या खात्यात असेल. ती रक्कम देणगी आली त्याच आठवड्यात बाजूला काढा.